गावच्या शिबिरात एक्स-रे वाचणारं एआय: लावण्याआधी आणि लावल्यानंतर

छातीचा एक्स-रे निघाला की मिनिटभरात लॅपटॉपवर फुप्फुसाचं चित्र येतं, संशयाची जागा लाल-पिवळी होते आणि कोपऱ्यात एक आकडा उमटतो: ०.६२. टीबी तपासणीतलं एआय डोळ्यांना दिसतं ते एवढंच. ग्रामपंचायत, गावमंडळ, ट्रस्ट किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, कोणाच्याही पुढाकाराने असं शिबिर लागणार असेल तर हा आकडा काय सांगतो, कुठे फसतो आणि आकडा आल्यावर त्या माणसाचं पुढे काय करायचं, हे मंडप बांधण्याआधी ठरवावं लागतं. मंडप, खुर्च्या आणि चहा-पोहे कोणालाही जमतात. घोडं अडतं ते नंतर.

यंत्राचा उपयोग खरा आहे, त्यात वाद नको. कोकणात वाड्या विखुरलेल्या, एसटी दिवसातून दोनदा, आणि फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याच्या ठिकाणीही रोज मिळेलच असं नाही. खोकला घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला "फिल्म जिल्ह्याला ओरोसला पाठवली आहे, सोमवारी या" असं सांगितलं की तो सोमवारी येत नाही. एका बैठकीत संशयित वेगळे काढता आले तर त्याच बैठकीत बेडक्याचा नमुना घेता येतो. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या चाळणीसाठी माणसाऐवजी संगणकाने फिल्म वाचली तरी चालेल अशी शिफारस केली, पण ती १५ वर्षे आणि त्यापुढच्या वयासाठी. शाळेतली पोरं रांगेत उभी करून त्यांचेही एक्स-रे काढून टाकण्याचा उत्साह आवरा. मुलांमधला टीबी फिल्मवर वेगळा दिसतो. खोकणारं, वजन न वाढणारं पोर थेट डॉक्टरांकडे.

०.६२ म्हणजे ६२ टक्के टीबी नव्हे

पहिली चूक इथेच होते. तो आकडा म्हणजे "ही फिल्म मी शिकलेल्या टीबीच्या फिल्मांशी किती जुळते" याचं यंत्राच्या मापातलं उत्तर. एका कंपनीचा ०.६२ आणि दुसरीचा ०.६२ एक नसतात. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीतही फरक पडतो. कितीच्या वर गेलं की माणसाला पुढे पाठवायचं ती मर्यादा कोणीतरी ठरवलेली असते, आणि बहुतेक वेळा ती कंपनीने आधीच बसवून दिलेली असते. शिबिरवाल्यांना ती बदलता येते हेच माहीत नसतं.

तांदूळ चाळण्यासारखंच आहे हे. बारीक भोकांची चाळणी घेतली तर खड्यांबरोबर कणीही वर राहते, मोठी घेतली तर खडेही खाली जातात. भोकं केवढी ठेवायची याचा हिशेब वहीत मांडून बघा.

समजा १,००० माणसं तपासली आणि त्यातल्या १० जणांना खरोखर टीबी आहे. चाळणीच्या चाचणीने १०० रुग्णांतले निदान ९० पकडावेत आणि १०० निरोग्यांतल्या निदान ७० जणांना सोडून द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा. तेवढं यंत्राने केलं तर १० पैकी ९ सापडतात आणि १ निसटतो. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ३० टक्के, म्हणजे २९७ जणांवर उगाच शिक्का बसतो. एकूण ३०६ माणसं "संशयित", त्यात खरे ९. म्हणजे ३४ जणांत एक. या ३०६ जणांची बेडक्याची तपासणी, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी सीबीनॅट किंवा गोव्याच्या कंपनीची ट्रूनॅट चाचणी, होणं भाग आहे, कारण एक्स-रेवरून टीबीचं औषध सुरू करायचं नसतं. तुमची लॅब दिवसाला समजा १२ नमुने करते. मग २६ दिवस लागले. तेवढे दिवस ३०६ घरांत धाकधूक, आणि वाडीवर कुजबूज.

आता मर्यादा वर सरकवा. समजा यंत्र १० पैकी ८ पकडतं, पण निरोग्यांतले ९० टक्के सोडून देतं. संशयित उरले १०७. लॅबचं काम ९ दिवसांत उरकलं. पण दोन रुग्ण हसतमुखाने घरी गेले, आणि त्यांच्या हातात "नॉर्मल" लिहिलेला कागद आहे.

यातलं बरोबर कुठलं हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. एक रुग्ण निसटण्याच्या बदल्यात किती निरोगी माणसांना आठवडाभर टांगणीला लावायचं, हा गावाचा, डॉक्टरांचा आणि लॅबच्या कुवतीचा प्रश्न आहे. म्हणून शिबिराच्या निदान दोन आठवडे आधी वैद्यकीय अधिकारी, टीबीचे तालुका पर्यवेक्षक आणि लॅब टेक्निशियन यांना एकत्र बसवा, मर्यादा ठरवा आणि ती का ठरवली ते दोन ओळींत लिहून तिघांच्या सह्या घ्या. शिबिराच्या दिवशी दुपारी रांग वाढली म्हणून कोणी लॅपटॉपवर मर्यादा गुपचूप वर सरकवू नये, यासाठी तो कागद.

आणखी एक गंमत बघा. तेच यंत्र, तीच मर्यादा, पण सरसकट गावाऐवजी दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेले २०० जण घ्या, त्यात समजा २० रुग्ण आहेत. १८ सापडतात, १८० निरोग्यांपैकी ५४ उगाच अडकतात. ७२ संशयितांत १८ खरे, म्हणजे चौघांत एक. यंत्र सुधारलेलं नाही, रांग बदलली. म्हणून "गावातल्या सगळ्यांचे एक्स-रे मोफत" या बॅनरपेक्षा रुग्णांच्या घरातली माणसं, मधुमेही, जुने टीबीवाले, दारू-बिडीवाले, खाणकामगार आणि खोकणारे यांची यादी आशाताईंकडून आधी करून घेणं केव्हाही शहाणपणाचं. बॅनर लहान होतो, एवढंच.

आधी आपल्याच फिल्मांवर परीक्षा

कंपनीचा माणूस ९५ टक्के, ९७ टक्के असे आकडे दाखवेल. विचारा: कुठल्या माणसांच्या फिल्मांवर? न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमवर २०१८ साली अमेरिकेत अभ्यास झाला. फिल्म कुठल्या रुग्णालयातून आली हेच तो प्रोग्रॅम जवळपास अचूक ओळखत होता. काही रुग्णालयांत न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, म्हणून रुग्णालय ओळखलं की अर्धं उत्तर हातात. परक्या रुग्णालयाच्या फिल्मांवर त्याची कामगिरी घसरली. परीक्षेत पोरगं प्रश्नाऐवजी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं, तशातलाच प्रकार.

कोकणात फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कणकवली तालुक्यात कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस फुप्फुसाच्या वरच्या भागात ठिपके पाडतो, आणि टीबीची आवडती जागाही तीच. त्यात सिलिकोसिसवाल्याला टीबीचा धोका जास्त. मग यंत्र ओरडलं तरी कशासाठी ओरडलं ते कळत नाही. दुसरे, मुंबईला गिरणीत, चाळीत उमेदीची वर्षं काढून परतलेले, वीस वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स पुरा केलेले म्हातारे. त्यांच्या फुप्फुसावर जुने व्रण असतात आणि यंत्र बऱ्याचदा त्यांनाच सर्वांत मोठा आकडा देतं. म्हणून नोंदणीच्या टेबलावर तीन प्रश्न विचारून उत्तरं फिल्मच्या नंबरासमोर लिहाच: आधी टीबी झाला होता का, खाणीत किंवा क्रशरवर काम केलंय का, खोकला किती दिवस.

परीक्षा अशी घ्या. गेल्या वर्षी-दोन वर्षांतल्या, निकाल पक्का माहीत असलेल्या १०० ते १५० फिल्म जिल्ह्याच्या टीबी केंद्राच्या परवानगीने, नावं काढून मिळवा. त्यात निदान ३० तरी बेडक्यात जंतू सापडलेल्या हव्यात. खाणकामगार, जुने रुग्ण, बायका, सत्तरीपुढचे, सगळे मिसळलेले हवेत. त्या यंत्रातून काढा आणि निकाल ताडून बघा. ३० पैकी २७ पकडले तर ९० टक्के झाले म्हणून लगेच पेढे वाटू नका. एवढ्या थोड्या फिल्मांवर खरा आकडा ७४ ते ९८ टक्क्यांत कुठेही असू शकतो. पण ३० पैकी १९च पकडले तर यंत्र परत पाठवायला तेवढा पुरावा पुरे. बायकांत आणि पुरुषांत, खाणवाल्यांत आणि इतरांत निकाल वेगळा येतो का, तेही मोजा. एकूण आकडा चांगला असताना एका गटावर सतत अन्याय होत असतो, तो एकूण आकड्यात दिसत नाही.

फिल्म काढताना

इथे घाई झाली तर पुढचं सगळं वाया. रांगेतल्या प्रत्येक बाईला आडोशाला आशाताईंनी एकदा नीट बघायचं. मंगळसूत्र, साखळी, पिना, हुक, ताईत, सगळं काढलेलं हवं. मंगळसूत्र काढायला सांगताना जपून. काढायला मन तयार नसेल तर ते वर हनुवटीपाशी उचलून धरता येतं, पण छातीवर नको. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेणी. तेल लावून घट्ट घातलेली जाड वेणी पाठीवर किंवा खांद्यावरून पुढे आलेली असली की फिल्मवर फुप्फुसाच्या टोकाशी पांढुरका पट्टा उमटतो, नेमका टीबी बसतो तिथे. माणसाच्या अनुभवी डोळ्याला तो वेणीचा पीळ ओळखू येतो, यंत्राला येईलच असं नाही. वेणी डोक्यावर बांधा, वर रुमाल. दहा सेकंदांचं काम आहे.

मग खांदे पुढे, हात कमरेवर, हनुवटी वर. "श्वास घ्या" म्हटलं की माणसं अर्धाच घेतात. आधी एकदा घेऊन सोडायला लावा, दुसऱ्यांदा पूर्ण भरून धरायला सांगा, तेव्हा बटण. अर्ध्या श्वासात काढलेल्या फिल्मवर फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो आणि आकडा उगाच चढतो. लॅपटॉपवर उजवी-डावी बाजू, दोन्ही टोकं, दोन्ही कोपरे दिसतात ना ते बघूनच माणसाला खाली उतरू द्या. जुनी फिल्म खिडकीला लावून तिचा मोबाईलने फोटो काढून यंत्राला खाऊ घालू नका. खिडकीची चमकच "डाग" होऊन बसते.

एक्स-रे यंत्र हातात मावतं म्हणून खेळणं होत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी यंत्राच्या मालकाकडे आहे का ते कागदावर बघा. किरणांच्या दिशेला भिंत असावी आणि भिंतीपलीकडे वाट बघणाऱ्यांचं बाकडं नसावं. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. घाबरायचं कारण नाही, पण दिवस गेलेत का हे प्रत्येक बाईला एकांतात विचारायचंच.

दिवस निवडतानाही हिशेब आहे. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणजे खलाशी बंदरात सापडतात. पण पावसात वीज जाते, रेंज जाते, आणि दमट खारी हवा यंत्राच्या जोडण्यांवर चढते. इंटरनेटशिवाय लॅपटॉपवरच चालणारं सॉफ्टवेअर मागा, यूपीएस घ्या. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरलेला असतो, पण निकाल येईपर्यंत चाकरमानी मुंबईला पोचलेला असतो. त्याचा तिथला पत्ता नोंदवा. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे बदली करता येतो, फक्त तो पत्ता हाताशी हवा.

डोळ्यांचं शिबिर असेल तर

मधुमेह्यांच्या पडद्याचे फोटो वाचणारं एआयही आता शिबिरांत येतं. त्यातली मेख वेगळी. थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत हे वापरून पाहिलं तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्राने "वाचण्याजोगे नाहीत" म्हणून परत केले. खोलीत नीट अंधार नसणं हे त्याचं एक कारण. कौलारू शाळेचा वर्ग भरदुपारी कितीही दारं लावली तरी काळोखा होत नाही, कौलांच्या फटींतून कवडसे पडतात. ताडपत्री वरून टाका, किंवा खुर्चीभोवती गोधड्यांची खोली करा. माणूस आत पाच मिनिटं बसला की बाहुली मोठी होते, मग फोटो.

मोतीबिंदू असला तर फोटो धूसरच येणार. "वाचता येत नाही" हा निकाल वहीत "नॉर्मल"च्या रकान्यात पडला तर ज्याला नेत्रतज्ज्ञाची गरज सर्वांत जास्त, तोच घरी जातो. त्यासाठी वेगळा तिसरा रकाना आखा आणि त्यातल्या सगळ्यांना तपासणीला पाठवा. कॅमेऱ्याचं भिंग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते.

डॉक्टरांनी आधी स्वतः बघायचं

आकडा आधी दिसला की डोळा त्याच्याच मागे जातो. म्हणून क्रम असा: डॉक्टरांनी फिल्म बघून वहीत "संशय", "नाही" किंवा "जुना व्रण" लिहायचं, मगच आकडा उघडायचा. दोघांचं जमलं तर पुढे. डॉक्टर "संशय" म्हणाले आणि यंत्र "नाही", तर डॉक्टरांचं ऐका. यंत्र "संशय" आणि डॉक्टर "नाही", तरी नमुना घ्या. यात वेळ जातो हे कबूल. पण पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांबाबत २०२५ साली जे छापून आलं ते वाचल्यावर हा वेळ खर्चायला हरकत वाटत नाही. दवाखान्यांत एआय आल्यानंतर, एआय बंद ठेवून केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. सवय मोडली की नजर बोथट होते. वीज गेली तर फिल्म वाचणार कोण, असा साधा प्रश्न आहे.

शिबिरानंतरही दर महिन्याला यंत्राने "नॉर्मल" ठरवलेल्यांतल्या २० फिल्म चिठ्ठ्या टाकून काढा आणि रेडिओलॉजिस्टला आकडा न दाखवता वाचायला द्या. सॉफ्टवेअर अपडेट झालं की तारीख आणि आवृत्ती वहीत. अपडेटनंतर ती जुन्या १०० फिल्मांची परीक्षा पुन्हा. हे काम कोणालाच आवडत नाही आणि म्हणून कोणीच करत नाही.

संमती, नावं आणि व्हॉट्सॲप

इंग्रजी छापील फॉर्मवर अंगठा घेणं ही संमती नव्हे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती घेण्याआधीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याचा हक्क आहे, त्यात मराठीही आली आणि कोंकणीही. पण कागदापेक्षा तोंडी सांगणं महत्त्वाचं, आणि ते त्या त्या बोलीत. आशाताई मालवणीत असं सांगू शकतात: "आजी, हो फोटो मशीन वाचतला. मशीन चुकाक शकता. मशीनान संशय घेतल्यान म्हणजे टीबी झालो असा नाय, थुंकी तपासूची लागतली. नको असात तर नको म्हणा, तुमचा औषधपाणी काय बंद होवचा नाय." शेवटचं वाक्य कधीच गाळू नका.

कंपनीशी लेखी चार गोष्टी ठरवा. फिल्म कुठे साठणार आणि किती दिवस. त्या वापरून कंपनी आपलं यंत्र शिकवणार आहे का, आणि असेल तर रुग्णाला तसं वेगळं विचारलंय का. नाव, आधार, मोबाईल फिल्मपासून वेगळे ठेवले आहेत का. आणि कोणी "माझी माहिती काढून टाका" म्हणालं तर कोणाला फोन करायचा. शिबिर मोफत असतं तेव्हा या प्रश्नांना "अहो, सेवा आहे ही" असं गोड उत्तर मिळतं. तेव्हा जास्तच खोदून विचारा. हजार फिल्मांना बाजारात किंमत आहे, आणि ती मंडळाला माहीत नसली तरी कंपनीला माहीत असते.

संशयितांची यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा गुन्हा. वरच्या हिशेबातल्या ३०६ जणांपैकी २९७ जणांना टीबी नाहीच. पण मुलगी बघायला येणाऱ्यांना यादी आठवते, नंतरचा निकाल आठवत नाही. प्रत्येकाला चिठ्ठी हातात, बंद पाकिटात. फोन करायचा तर त्याच माणसाला, "शिबिरातून बोलतेय" एवढंच सांगून. घरातल्या दुसऱ्याने उचलला तर निरोप नाही. आणि चिठ्ठीवर "टीबी निगेटिव्ह" लिहू नका. "आजच्या फिल्मवर संशय आढळला नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, वजन घटलं, संध्याकाळी कसर आली तर पुन्हा या" असं लिहा.

कोणाकडे आधी जायचं, हे यंत्र ठरवणार असेल

काही सॉफ्टवेअर घरभेटींची यादी लावून देतात: सर्वांत आजारी कोण, आधी कोण. त्याने "आजारी" कशावरून ओळखलं ते विचारा. अमेरिकेतल्या एका बहुवापरातल्या प्रणालीवर २०१९ साली शोधनिबंध आला. आजारपणाचं माप म्हणून तिने दवाखान्यावर झालेला खर्च धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारात खर्च कमी व्हायचा, म्हणून ते यंत्राला कमी आजारी दिसत. माप सुधारलं असतं तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. आपल्याकडे हेच उद्या घाटीवरच्या धनगरवाड्यात किंवा खाडीपलीकडच्या भोईवाड्यात होईल. जी आजी तरीच्या होडीचे पैसे नाहीत म्हणून दहा वर्षं दवाखान्यात गेलीच नाही, तिच्या नावासमोर खर्च शून्य. यंत्राच्या दृष्टीने ती ठणठणीत. यादी आली की खालची वीस नावं आशाताईंसमोर वाचा. त्यांना माहीत असतं.

घरातल्या मोबाईलवर

शिबिरात निकाल मिळाला की माणूस घरी जाऊन तो चॅटबॉटला विचारणारच. अडवू नका, नीट विचारायला शिकवा. रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ सोप्या मराठीत सांगणं, डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न काढून देणं, हे तो छान करतो. नाव, आधार नंबर आणि मोबाईल नंबर झाकून फोटो टाकायचा. साखरेचं एकक बघायचं: आपल्याकडचे रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असतात, परदेशी उत्तरं मिलिमोलमध्ये येतात, आणि १ मिलिमोल म्हणजे १८ मिलिग्रॅम. "हे साधंच आहे ना?" असं विचारलं की तो "हो" म्हणण्याकडे झुकतो. त्याऐवजी "यात धोक्याचं काय असू शकतं?" विचारा. औषध मात्र त्याच्याकडून नाही. मार्च २०२०च्या भारताच्या टेलिमेडिसिन नियमावलीत एआयने रुग्णाला स्वतः सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं नाकारलेलंच आहे. डॉक्टरांच्या मदतीला ते चालतं.

आणि इथली माहिती दिल्याशिवाय इथलं उत्तर मिळत नाही. "ताप आणि अंगदुखी" एवढंच लिहिलं तर जगभराचा फ्लू हातात येईल. "लावणीच्या चिखलात आठ दिवस अनवाणी, पायाला कापलंय, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल" असं लिहिलं तर लेप्टो, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, पुढे येतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या बागेत काम आणि आसपास माकड मेलेलं असेल तर तेही लिहा, माकडतापाचा विचार त्याशिवाय होणार नाही. या दोन्हींत उत्तर वाचून थांबायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्र. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. असं ज्ञान खेड्यातल्या दवाखान्यात जन्मतं, आणि ज्या पुस्तकांवर यंत्र शिकतं त्यांत ते किती उतरलंय ते गृहीत धरता येत नाही.

साप चावला तर मोबाईलवर फोटो ओळखत बसायचंच नाही. बिनविषारी डुरक्या घोणस आणि विषारी घोणस यांत माणसं गोंधळतात, फोटोतून ॲपही गोंधळतं. शिवाय ओळखीवाचून काही अडत नाही: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडचं प्रतिविष एकच आहे. १०८ला फोन, चावलेला हात-पाय न हलवता सरळ दवाखाना. तिथे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटं हात न लावता उभी ठेवतात, मग एकदाच तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल तर प्रतिविष सुरू.